कुशाग्र ओ देत नाही

बारशाच्या दिवशी रुचिताने पाळण्यात डोकं घातलं, बाळाच्या कानाशी "कुर्रर्र" केलं आणि नाव सांगितलं, तेव्हा तिच्या पाठीत धपाटे घालायला टपून बसलेल्या बायकांचे हात वरच राहिले.

"काय म्हणाली?" सुमतीबाईंनी विचारलं. त्या बाळाची आजी, म्हणजे रुचिताची आई.

"कुशाग्र."

"कुशा काय?"

"कुशाग्र, आई. ग्र. पुढे काही नाही."

शेजारच्या गंगुबाई म्हणाल्या, "चांगलं आहे की. कुशाबा. आमच्या आजेसासऱ्यांचं हेच नाव होतं." मग एकदाचे धपाटे पडले, घुगऱ्या वाटल्या गेल्या आणि मानपाड्याच्या त्या दोन खोल्यांच्या घरात कुशाग्र नावाचा माणूस राहायला आला.

नाव ठेवणं हा आत्याचा मान. त्यात बाळाच्या आईला कोणी विचारत नाही, आणि विचारलं तरी ते विचारल्यासारखं नसतं. रसिकाने पोटात असल्यापासून त्याला मनातल्या मनात निहार म्हटलं होतं. ते नाव तिने घुगऱ्यांबरोबर गिळलं. पाणी प्यायली. मग नणंदेला एवढंच विचारलं, "ताई, अर्थ काय हो?"

"हुशार," रुचिता म्हणाली. "म्हणजे नुसता हुशार नाही. एकदम हुशार."

रुचिता बाळकुमला राहायची, टॉवरमध्ये, आणि तिथल्याच खालच्या हॉलमध्ये मुलांचे अबॅकसचे क्लास घ्यायची. हुशारीच्या बाबतीत घरात तिचा शब्द शेवटचा असे.

पण वापराची वेळ आली तेव्हा कळलं, हे नाव चांदीच्या वाटीसारखं आहे. घरात आहे याचा अभिमान, पण वरण कोणी त्यात घेत नाही. सुमतीबाई त्याला बाळ्या म्हणायच्या. आजोबा मारुतीराव रिटायर झाल्यापासून घरात कोणालाच साहेब म्हणता येत नसल्याने नातवाला साहेब म्हणायचे. बाप सुदेश चॅम्प म्हणायचा. गंगुबाईंचा कुशाबा कायम होता. आणि रसिका, जी सकाळी त्याला झोपेतच सोडून वागळे इस्टेटला जायची, ती त्याला येईल ते म्हणायची. सोन्या, माकडा, ढेकळा, माझ्या राजा. पूर्ण नाव फक्त रुचिता घ्यायची, रविवारी, व्हिडिओ कॉलवर. त्या वेळी तो फोनच्या मागच्या बाजूला काय आहे ते बघत असायचा.

तो अडीच वर्षांचा झाला आणि बोलला नाही.

चालला वेळेवर. दात वेळेवर. कचऱ्याच्या गाडीचं गाणं कोपऱ्यावर वाजलं की खिडकीशी हजर. आजीने बिस्किटाचा डबा उघडला की आतल्या खोलीतून हजर. कपड्यांच्या चिमट्यांची रांग लावायचा, ती स्वयंपाकघरातून निघून हॉलमधून दारापर्यंत जायची, आणि मधला एक चिमटा कोणी उचलला तर बरोबर तिथे येऊन उभा राहायचा. पाहुणा जायला उठला की त्याआधी धावत जाऊन रॅकमधून त्याच्या चपला आणून दारात ठेवायचा. ज्याच्या त्याच्या, न चुकता. पाहुण्यांना वाटायचं, आपण कधी जातो याचीच हे वाट बघत होते.

पण शब्द नाही. "आई" नाही, "पापा" नाही, नुसता "नाही"सुद्धा नाही.

सल्ले आले. वेखंड उगाळून मधातून चाटवून झालं. प्रत्येकाच्या ओळखीत चार वर्षांचा होईपर्यंत तोंड न उघडलेला आणि आता अमेरिकेत असलेला एक मुलगा निघाला. रसिकाला वाटायला लागलं, अमेरिकेत सगळे उशिरा बोललेलेच लोक असणार. गंगुबाईंनी सांगितलं, पोपटाने चोच मारलेला पेरू खायला द्या, पोपटासारखा बोलेल. मानपाड्याला एमआयडीसीच्या बाजूला पोपट कुठून आणायचा? सुदेशने बाजारातून पेरू आणला आणि जिन्यात उभं राहून स्क्रू-ड्रायव्हरने त्याला भोक पाडलं. सुमतीबाईंनी पेरू उलटसुलट करून बघितला आणि म्हणाल्या, "चोच मोठी होती." पोराने पेरू आवडीने खाल्ला. बोलला नाही.

मग दवाखाने सुरू झाले, आणि चांदीची वाटी रोज कपाटातून बाहेर काढावी लागली. काउंटरवरची मुलगी मोठ्याने ओरडायची, "कुशाग्र! कुशाग्र कोण आहे?" सगळी बाकडी वळून बघायची, एक कुशाग्र सोडून. मग ती मुलगी विचारायची, "काय होतंय याला?" आणि रसिका सांगायची, "बोलत नाही." मुलगी एकदा नावाकडे बघायची, एकदा पोराकडे. काही म्हणायची नाही. ते न म्हणणं रसिका घरापर्यंत घेऊन यायची.

रसिकाची नोकरी बाटल्या-बरण्यांची लेबलं छापणाऱ्या कंपनीत होती. आत जे आहे तेच बाहेर छापलंय ना, हे बघायचं तिचं काम. चुकीचं लेबल लागलं की अख्खा लॉट परत येतो. हा विचार तिला मुलाच्या बाबतीत करायचा नव्हता, पण दिवसभर तेच काम करणाऱ्या माणसाच्या डोक्यात दुसरे विचार कुठून येणार?

कान तपासले. कान उत्तम होते. मग ठाण्याला एक वाचा-उपचार करणाऱ्या बाई होत्या, त्यांच्याकडे गेले. बाई शांत होत्या. चटईवर बसून त्या त्याच्याशी तासभर चिमटे-चिमटे खेळल्या. मग विचारलं, "नावाने हाक मारली की बघतो?"

"कुठल्या नावाने?" रसिकाने विचारलं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "किती आहेत?"

रसिकाने सांगायला सुरुवात केली. सुदेशने भर घातली. ढेकळावर आल्यावर बाईंनी हात वर केला.

"एक ठरवा," त्या म्हणाल्या. "कुठलंही ठेवा, पण घरातल्या सगळ्यांनी तेच. नावाला बघतो की नाही, हे मला कळायला हवं. त्यावर पुढचं बरंच ठरतं. काही मुलं उशिरा बोलतात, काहींना जास्त मदत लागते. हा कुठला, ते आत्ता मी सांगणार नाही. महिन्याभराने या."

परत येताना रिक्षात सुदेश म्हणाला, "चॅम्प सोपं आहे." रसिका बाहेर बघत राहिली. मुलगा मीटरचे आकडे बघत होता. आकडा बदलला की त्याच्या भुवया हलत होत्या.

रविवारी घरात बैठक बसली. रुचिता मुद्दाम बाळकुमहून आली होती, गंगुबाई मुद्दाम न बोलावता आल्या होत्या. पोरगा मधोमध, चिमट्यांसकट.

सुमतीबाईंनी तोंड उघडलं. "मी पहिल्या दिवसापासून सांगते आहे, नाव जड गेलंय पोराला. सोसलं नाही. एवढंसं पोर, त्याच्यावर एवढं मोठं नाव. जीभ उचलणार कशी?"

"असं काही नसतं, आई," सुदेश म्हणाला.

"तुला काय माहीत? तुझं नाव सोपं होतं म्हणून बोललास. धोंडिबा ठेवा. यांच्या आजोबांचं आहे, घरातलं आहे. नव्वद वर्षं दगडासारखा जगला. आणि बोलायचा तर असा, की गावात त्याला कोणी बस म्हणत नसे. बसला की उठायचा नाही."

"आई, आजच्या काळात धोंडिबा?" रुचिता म्हणाली. "शाळेत पोरं चिडवतील."

"चिडवू देत. तो उलट बोलेल तरी."

"आणि कुशाग्रमध्ये वाईट काय आहे? चांगला अर्थ आहे."

इथे मारुतीराव पेपर खाली करून बोलले. ते बोलायचे कमी, आणि बोलले की सहसा पंचाईत व्हायची. "अर्थ माहीत आहे का कोणाला?"

"हुशार," रुचिता आणि सुदेश एकदम म्हणाले.

"ते झालं नंतरचं. कुश म्हणजे दर्भ. अग्र म्हणजे टोक. दर्भाचं टोक कसं बारीक, अणकुचीदार असतं, तशी ज्याची बुद्धी, तो कुशाग्र." आणि त्यांनी पेपर परत वर केला.

सुमतीबाईंचा चेहरा उतरला. "दर्भ? श्राद्धाला लागतो तो?"

पेपरचं पान उलटलं.

"म्हणजे माझ्या नातवाला तुम्ही श्राद्धाच्या गवताचं नाव ठेवलंत? आणि तुम्हाला माहीत होतं? अडीच वर्षं?"

"मला कोणी विचारलं नाही," पेपर म्हणाला.

"अहो, दर्भ नुसता श्राद्धाचा कुठे?" गंगुबाई मध्ये पडल्या. "मुंजीला लागतो, वास्तुशांतीला लागतो. ग्रहण लागलं की तुम्हीच नाही का लोणच्याच्या बरणीत ठेवत? मागल्या ग्रहणाला मीच तुमच्याकडून काडी नेलेली."

हे खरं होतं. देवघराच्या मागे दर्भाची जुडी होती. सुदेशने ती काढून आणली. सगळ्यांनी वाकून टोक बघितलं. टोक बारीक होतं, एवढंच. पोरानेही बघितलं. त्याने एक काडी ओढून घेतली, टोक तळहाताला लावलं, थबकला, परत लावलं. मग ती चिमट्यांच्या रांगेत, दोन चिमट्यांच्या मध्ये, नीट आडवी ठेवली आणि पुढच्या कामाला लागला.

"वाद नको," सुदेश म्हणाला. "त्यालाच विचारू. प्रत्येकाने आपापल्या नावाने हाक मारायची. ज्याला बघेल ते नाव पक्कं."

हे सगळ्यांना पटलं. आपल्यालाच बघणार याची प्रत्येकाला खात्री होती. रसिकाला पटलं नव्हतं, पण तिच्याही पोटात कुठेतरी होतं, की ढेकळा म्हटल्यावर बघेल.

सुमतीबाई स्वयंपाकघरात जाऊन म्हणाल्या, "बाळ्या! ए बाळ्या!" मारुतीराव म्हणाले, "साहेब." सुदेशने चॅम्प म्हणून टाळ्यासुद्धा वाजवल्या, तेव्हा टाळ्या बाद, असं गंगुबाईंनी जाहीर केलं. गंगुबाईंचा कुशाबा शेजारपाजारच्या घरांत ऐकू गेला आणि कोणीतरी बाहेर येऊन काय झालं म्हणून विचारून गेलं. सुमतीबाईंनी चाचणी म्हणून धोंडिबा अशीही हाक मारून बघितली. पोरगा चिमटे लावत होता. पिवळा, निळा, पिवळा, निळा.

रसिकाने "ढेकळा" म्हटलं. फार हळू. त्याने निळा चिमटा लावला.

शेवटी रुचिता उभी राहिली. क्लासमध्ये हजेरी घेतात तसा तिने स्पष्ट, गोड आवाज लावला. "कुशाग्र." थांबली. "कुशाग्र, इकडे बघ. आत्या." पुन्हा थांबली. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा आवाज क्लासमधला राहिला नव्हता.

त्याने बघितलं नाही.

रुचिता खाली बसली आणि ओढणीच्या टोकाला पीळ घालत राहिली. "बदला नाव," ती म्हणाली. "धोंडिबा ठेवा, काहीही ठेवा. चुकलंच माझं. मला अर्थ तरी कुठे माहीत होता?"

"मग ठेवलंस कशाला?" सुमतीबाई म्हणाल्या.

"दहावीला गाववाल्यांनी सत्कार केलेला, आठवतंय? पाहुणे माईकवरून म्हणालेले, 'ही कुशाग्र बुद्धीची मुलगी आहे.' मी ढाल घेऊन खाली आले आणि घरी येईपर्यंत तोच शब्द मनात म्हणत होते. अर्थ कोणाला विचारला नाही. माझ्याबद्दल आहे एवढं बास होतं." ती जरा हसली. "नंतर कोणी म्हटलं नाही. बारावी झाली, सुदेशचा डिप्लोमा आला, माझं लग्न ठरलं. घरात मी काही बोलले की तू म्हणायचीस, 'शहाणी आलीये मोठी.' तो शब्द तसाच पडून होता, कोरा. म्हटलं, याला देऊ."

सुमतीबाई पदराने जमीन पुसायला लागल्या. जमीन स्वच्छ होती.

सुदेश म्हणाला, "ताई, चहा घेणार?" पुरुषांना अशा वेळी एवढंच सुचतं, आणि तेही थोडं नसतं.

"नको. निघते मी. संध्याकाळची बॅच आहे." रुचिता उठली.

ती उठली तसा पोरगाही उठला आणि चपलांच्या रॅककडे धावला. गंगुबाई म्हणाल्या, "झालं, हा काढणार आता आत्याला." त्याने रुचिताचीच चप्पल बरोबर शोधली. पण एकच. ती घेऊन तो दाराकडे गेला नाही. बाथरूममध्ये गेला. पाण्याच्या भरल्या बादलीत त्याने ती सोडली, बुडेपर्यंत हाताने दाबून धरली, आणि येऊन पुन्हा चिमट्यांपाशी बसला. कोणाकडेही न बघता.

सुमतीबाईंनी बाथरूममध्ये डोकावून बघितलं.

"मेला!" सुमतीबाई म्हणाल्या. "बघा, बघा. आत्याने जाऊ नये म्हणून! हुशार आहे मेला!"

"आई," रसिका म्हणाली, "काय म्हणालात?"

"हुशार आहे म्हटलं. खोटं का?"

"मग तेच नाव आहे त्याचं." रसिकाला वाटलं त्यापेक्षा तिचा आवाज मोठा निघाला. या घरात आल्यापासून ती एवढ्या आवाजात फक्त फोनवर गॅसवाल्याशी बोलली होती. "आणि एक सांगू? बाळ्या, चॅम्प, साहेब, कुशाबा, माझा ढेकळा, हे सगळं तो रोज ऐकतो आणि सोडून देतो. कुशाग्र म्हणून त्याला घरात कोणी कधी हाकच मारली नाही. ज्या नावाने आपण बोलावलंच नाही त्याला ओ दिली नाही, यात त्याचं काय चुकलं? आधी आपण म्हणायला शिकू. मग त्याला विचारू."

मारुतीरावांनी पेपर पूर्ण खाली ठेवला, घडी घालून.

सुमतीबाईंनी सुनेकडे बघितलं, मग बाथरूमच्या दिशेने. "महिनाभर," त्या म्हणाल्या. "त्या ठाण्याच्या बाईकडे जाईपर्यंत. तोवर नाही बघितलं तर धोंडिबा. मग मी कोणाचं ऐकणार नाही."

"चालेल," रसिका म्हणाली.

चप्पल गॅलरीत वाळत होती, म्हणून रुचिता जेवून गेली. संध्याकाळच्या बॅचला त्या दिवशी सुट्टी मिळाली.

नंतरचे दिवस घराने नाव म्हणायला शिकण्यात घालवले. कुशाग्र, भात खा. कुशाग्र, चड्डी वर घे. कुशाग्र, भिंतीवर नाही. सुरुवातीला सगळे अडखळायचे. सुदेशच्या तोंडून "चॅम्प" अर्ध्यावर यायचं आणि तो "चॅ... कुशाग्र" म्हणायचा, तर काही दिवस पोराचं नाव चॅकुशाग्र झालं. मारुतीराव "कुशाग्रसाहेब" म्हणायला लागले, त्यांना ताकीद देण्यात आली. गंगुबाई कुशाग्रबापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, यापुढे माझ्याच्याने होणार नाही.

रसिका सकाळी निघताना झोपलेल्या कानाशी सांगायची. कुर्रर्र न करता, नुसतं. कुशाग्र. संध्याकाळी आल्यावर चप्पल काढायच्या आधी म्हणायची. तो चिमटे लावत असायचा. ती हात धुऊन त्याच्या शेजारी बसायची आणि तिला निळे चिमटे देण्यात यायचे. पिवळे तो स्वतः लावायचा. यात नावाची काही गरज पडत नव्हती. तिला कधीकधी वाटायचं, हे असंच चाललं तरी आपलं चालेल. मग ठाण्याच्या बाईंची तारीख आठवायची.

तारीख आठवड्यावर आली असताना एका संध्याकाळी ती घरी आली तर जिन्यापर्यंत शिऱ्याचा वास होता. वेलची घातलेल्या, तूप सोडून केलेल्या शिऱ्याचा.

"आज काय आहे, आई?"

"कुठे काय? रवा संपवायचा होता."

सुमतीबाईंनी तिच्या हातात वाटी दिली. चांदीची. रसिकाने वाटीकडे बघितलं. सुमतीबाई ओट्याकडे बघत होत्या.

"बघितलं त्याने," मारुतीराव म्हणाले.

"काय?"

"अहो, गप्प बसा!" सुमतीबाई वळल्या. "बोलून दृष्ट लावाल पोराला." पण आता बांध फुटला होता. त्या जवळ आल्या आणि आवाज खाली घेऊन, जणू गंगुबाईंचा कान भिंतीलाच लागलाय, सांगायला लागल्या. "दुपारी मी गॅलरीत होते. आत बघते तर हा स्टुलावर चढून नळ सोडतोय, बादली भरून वाहतेय. मी ओरडले. ठरवून नाही हो, तोंडातून आलं. कुशाग्र! तसा थांबला. हात तसाच नळावर. आणि बघितलं माझ्याकडे. सरळ डोळ्यांत."

"मग?"

"मग काय? मी पण बघत राहिले. मग त्याने नळ आणखी सोडला."

रसिका वाटी घेऊनच जमिनीवर बसली. मुलगा तिच्यापासून हातभर अंतरावर होता, पाठमोरा. मानेवर घामाने चिकटलेले केस होते. "कुशाग्र," ती म्हणाली.

पिवळा.

"कुशाग्र. सोन्या... नाही. कुशाग्र."

निळा.

पहिल्यांदा बघितलं ते दुपारी, आजीकडे, ती वागळे इस्टेटला लोणच्याचं लेबल तपासत असताना. तिने शिऱ्याचा घास घेतला.

"सारखं कशाला बघेल?" सुमतीबाई म्हणाल्या. "एकदा बघितलं, कोण आहे ते कळलं. आता तीच तीच आई परत बघायला तो काय मूर्ख आहे?"

मग त्यांनी फोन उचलला. फोनवर त्या नेहमी अशा बोलायच्या, की बाळकुमला तो नसता तरी ऐकू गेलं असतं. "हॅलो, रुचे? जेवलीस? अगं काही नाही, सहज केला. तुझा तो आहे ना..." त्या थांबल्या. पदर खांद्यावर सारखा केला. आणि एकेक अक्षर दाबून, माईकवर बोलल्यासारखं म्हणाल्या, "तुझा कुशाग्र."

हाक त्याला नव्हतीच. तरी चिमट्यावरचा हात थांबला. मान वळली, नजर आजीच्या पाठीकडे गेली, आणि ती काही आपल्याला बोलावत नाही हे बघून परत येताना वाटेत रसिकावर थांबली. थोडीशी. मग त्याने एक निळा चिमटा उचलून तिच्यापुढे धरला.

रसिकाने चिमटा घेतला. सुमतीबाई फोनवर नळाची गोष्ट सांगत होत्या, मारुतीराव पेपरमागे होते. कोणी बघितलं नव्हतं.

तिने कोणाला सांगितलं नाही. दृष्ट लागते.